कौल नसलेल्या पेठा

आकुर्डी-निगडीच्या बाजूला कुणाला पत्ता विचारला तर तो ‘सेक्टर पंचवीस’, ‘सेक्टर सत्तावीस’ असे सांगतो. सरकारी कागदावर मात्र ‘पेठ क्रमांक २५’ असे लिहिलेले असते. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आपल्या विभागांना पेठ म्हटले. शेजारी पुण्यासारखे पेठांचे शहर असताना दुसरा शब्द सुचणेही कठीण होते.

पण पेठ हा नुसता शब्द नव्हता. आजची शनिवार पेठ म्हणजे जुने मुर्तजाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर आणि बुधवार पेठ म्हणजे औरंगजेबाच्या काळात वसलेले मुहियाबाद. निजामशाही असो, मोगलाई असो की पेशवाई, पेठ वसवण्याची रीत साधारण सारखीच राहिली. आधी कौल दिला जाई. कौल म्हणजे सरकारचे लेखी अभयवचन. शेटे-महाजनांनी बाहेरगावचे कोष्टी, साळी, मोमीन, तांबट, बागवान, तेली आणून वसवायचे, आणि सरकारने त्यांना काही वर्षे जकात, मोहतर्फा यांत सूट द्यायची. नंतर हळूहळू चढत्या दराने कर सुरू व्हायचा. कारागीर टिकला तर बाजार भरेल आणि बाजार भरला तर वसूल येईल, असा तो व्यवहार होता. त्यात समता वगैरे काही नव्हते. कोणत्या जातीने कुठल्या आळीत राहायचे हे ठरलेले असे, आणि गावकुसाबाहेरच्यांना कौलातही जागा नव्हती. तरीही एक गोष्ट त्या राज्यकर्त्यांना कळत होती. हातांना बोलवायचे असेल तर त्या हातांना राहायला जागा आधी द्यावी लागते.

प्राधिकरणाच्या पेठांची गोष्ट लिहायला बसलो की मला हा कौल आठवतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत लाखो हात आले. त्यांना घर कुणी दिले, कोणत्या कायद्याने दिले आणि कोणत्या कायद्याने ते बेकायदा ठरवले, हा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. उद्योगांचा इतिहास आहे, उद्योगपतींची चरित्रे आहेत. खोलीचा इतिहास नाही.

तो सुरू होतो मुंबईत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. बीडीडी चाळी त्याच खात्याच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. गंमत म्हणजे गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-दहा जण राहत असताना या सरकारी चाळींतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे, भाडे परवडत नसे आणि सिमेंटच्या त्या कोंदट खोल्या लोकांना आवडत नसत. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर केला. घर बांधले म्हणजे कामगाराचे घर होत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते. त्या योजनेतली एक कल्पना मात्र मला आजही महत्त्वाची वाटते. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. ज्या धंद्यासाठी कामगार येतो त्या धंद्यानेच त्याच्या छपराचा काही भार उचलावा, ही ती कल्पना. पुढच्या औद्योगिक धोरणांनी ती फारशी उचलली नाही.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. कायदा भाडेकरूंच्या बाजूचा होता आणि युद्धानंतरच्या टंचाईत त्याची गरजही होती. पण दशके गेली तरी भाडे तेच राहिले. मग नवी चाळ बांधून भाड्याने देण्यात कुणालाच रस उरला नाही. मुंबईतल्या गिरणी कामगाराला, मग तो कोकणातला कुणबी असो, घाटावरचा मराठा असो की मदनपुऱ्यातला मोमीन, शहरात पहिला पाय ठेवायला चाळ मिळाली होती. पिंपरीत कारखाने उभे राहू लागले तेव्हा चाळ हा प्रकार कायदेशीर बांधकाम व्यवसायातून जवळजवळ संपला होता. पिंपरीच्या पुढच्या कहाणीचे हे एक मोठे कारण आहे.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी छावणी झाली, ती आजही पिंपरी कॅम्प म्हणूनच ओळखली जाते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि कारखान्याबरोबर तिची वसाहतही उभी राहिली. सरकारी मालकीच्या कारखान्याने कामगार आणि क्वार्टर एकत्र आणायचे, असा तो जमाना होता. १९५२ मध्ये केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली होती. पिंपरीचे संत तुकारामनगर ही गृहनिर्माण मंडळाची वसाहत. मोठी झाडे, दोन-तीन मजली इमारती, मध्ये मोकळी जागा. आजही तिथून चालताना वाटते की हे जमू शकत होते.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात भूखंड पडले. बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग आले. एमआयडीसीने रस्ता दिला, पाणी दिले, वीज दिली. कारखान्याला काय लागते याची यादी अगदी चोख होती. कामगार रात्री कुठे जाईल हा प्रश्न त्या यादीत नव्हता. ४ मार्च १९७० रोजी चार गावांची मिळून नगरपालिका झाली. आणि १४ मार्च १९७२ रोजी प्राधिकरण आले ते नेमके याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. कामगारांना परवडणाऱ्या दरात घरे आणि भूखंड देण्यासाठी.

१९७२ म्हटले की ग्रामीण महाराष्ट्राला दुष्काळच आठवतो. माझे चाचा त्या साली उदगीरकडून आले. सुकडी खाऊन खडी फोडण्याचे काम संपले तेव्हा गावातल्या एका ओळखीच्या माणसामागे ते भोसरीत पोहोचले आणि एका फाउंड्रीत लागले. राहायला एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारची पत्र्याची खोली मिळाली. सहा जण, दोन पाळ्या. रात्रपाळीचा माणूस परत आला की दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणावर निजायचा. प्राधिकरणाच्या जन्माच्या वर्षी, ज्यांच्यासाठी ते जन्मले त्यांच्यातलाच एक माणूस त्याच शिवारात उतरला होता. दोघांची गाठ मात्र कधीच पडली नाही.

का पडली नाही? प्राधिकरणाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. यमुनानगर, इंद्रायणीनगर हे भाग आखीव आहेत. मोठ्या कंपनीत कायम नोकरी असलेल्या कामगारांच्या एका पिढीला तिथे हक्काचे घर मिळाले, त्यांची मुले शिकली. पण अर्ज भरायला पगाराची पावती लागे, अनामत लागे, कर्जाला जामीन लागे. सोडत निघेपर्यंत थांबावे लागे. फाउंड्रीतल्या, ठेकेदाराकडच्या, कधी या शेडमध्ये तर कधी त्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे यातले काहीच नसे. त्यातून भूखंडाचे किमान माप, चारी बाजूंनी सोडायची जागा, रस्त्याची रुंदी हे सगळे नियम मध्यमवर्गीय बंगला नजरेसमोर ठेवून केलेले होते. नियम दिसायला सगळ्यांना सारखे होते. ते पाळायला किती पैसे लागतात हे मात्र कुणी मोजले नाही. पुढे तर भूखंड निविदा आणि लिलावाने जाऊ लागले आणि कामगार हा शब्द प्राधिकरणाच्या स्थापनेच्या कागदापुरता उरला.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. वाकड, थेरगाव, रहाटणी, काळेवाडी, चिखली, मोशी, रावेत इथल्या जमिनींवर संपादनाचे शिक्के पडले. मोबदला त्या काळाच्या दराने, तोही रखडत. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम आला, पण १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या ते त्यात बसले नाहीत. त्यांचा झगडा पुढे कित्येक दशके चालला. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. पुण्यासाठी मर्यादा हजार चौरस मीटर. या कायद्याचा हेतू गरिबांना घरे मिळावीत हाच होता. पण शेतकऱ्याला दिसले ते एवढेच, की जमीन आज ना उद्या हातची जाणार. शिवाय तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा होताच. शेती तुकड्यातुकड्यांत वाटली जाऊ नये म्हणून केलेला तो कायदा गुंठ्याच्या विक्रीची नोंदच होऊ देत नव्हता.

म्हणजे एका बाजूला जमीन गमावण्याची भीती असलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला बिशीचे पैसे आणि बायकोचे दागिने मोडून उभी केलेली रक्कम हातात घेतलेला कामगार, आणि मध्ये तीन कायदे. दोघांनी कायदे ओलांडून हात मिळवला. स्टॅम्प पेपर, नोटरी, फार तर कुलमुखत्यारपत्र. सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे किंवा प्राधिकरणाचे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात पुढे मागे जागा सोडायची नाही, भिंतीला भिंत, आधी दोन खोल्या, मग वर जिना, मग वरची खोली भाड्याने. चाचांनी थेरगाव-काळेवाडीच्या बाजूला असाच एक गुंठा घेतला. वरच्या खोलीच्या भाड्यातून त्यांनी घराचे कर्ज फेडले आणि त्या खोलीत पुढे गावाकडची दहा-बारा मुले एकामागून एक राहून कामाला लागली. सरकारने चाळ संपवली, लोकांनी ती गुंठ्यावर पुन्हा बांधली, असे मला वाटते.

त्या गल्लीविषयी आणखी एक सांगायला हवे. चाचांच्या डाव्या हाताला लातूरचे लिंगायत वाणी, उजव्या हाताला उस्मानाबादचे बौद्ध कुटुंब, समोर परभणीचे माळकरी. नोटरीने नाव विचारले ते लिहिण्यापुरते. मालकाला पैशाशी मतलब होता. मी स्वतः पुढे याच शहरात भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एका नीटनेटक्या, सगळे परवाने असलेल्या सोसायटीत फोनवर रिकामी असलेली सदनिका माझे नाव ऐकल्यावर ‘कालच गेली’ होती. कायदेशीर बाजार माणूस पाहून दार उघडतो आणि बेकायदा बाजारात सगळ्यांना मिळून एका गल्लीत राहता येते, हा काही बेकायदेशीरपणाचा गौरव नाही. पण मुस्लिम, दलित, भटके-विमुक्त यांच्या वस्त्या नकाशावर बेकायदाच का दिसतात, याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

१९८२ मध्ये महापालिका झाली, १९९७ मध्ये आणखी गावे आली. १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास असलेले शहर २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेले. ही माणसे हवेत राहत नव्हती. अनधिकृत बांधकामांचा आकडा साठ हजारांवर गेल्याचे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २०१२ ते २०१४ दरम्यान आयुक्त श्रीकर परदेशी यांनी पाडकामाची मोहीम राबवली. कुणी त्यांना देव मानले, कुणी शिव्या घातल्या. मी दोन्हींत नाही. अधिकाऱ्याने कायदा राबवला. कायदाच अशा मापाचा होता की निम्मे शहर त्यात मावत नव्हते.

त्याआधी २००८ पासून शास्तीकर आला होता. अनधिकृत घराला मालमत्ता कराच्या दुप्पट दंड, दरवर्षी. म्हणजे घर नियमित नाही म्हणून दंड घ्यायचा आणि दंड भरला तरी घर नियमित होणार नाही. काही घरांची थकबाकी घर बांधण्याच्या मूळ खर्चापलीकडे गेली. मोर्चे निघाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, सवलती तुकड्यातुकड्यांनी आल्या आणि अखेर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधला शास्तीकर माफ झाला. पूर्वी पेठ वसवणाऱ्याला पहिली काही वर्षे कर माफ असे. इथे वसणाऱ्याला पंधरा वर्षे दुप्पट दंड लागला. २०१७ मध्ये थेरगाव, काळेवाडी, वाल्हेकरवाडी या भागांतून जाणाऱ्या रिंगरोडसाठी घरे पडणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले. जुन्या आराखड्यातला तो रस्ता, तीस-चाळीस वर्षे कागदावरच राहिलेला. रुपीनगर-तळवड्यात तर वेगळेच. तिथे देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन आहे, त्यामुळे घर नियमित करण्याचा विषयच निघत नाही.

नियमितीकरणाचे कायदे आले नाहीत असे नाही. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. २०१७ मध्ये, ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी धोरण आले. पिंपरी-चिंचवडमध्ये अर्ज फार थोडे आले. मालकीचा कागद मागितला तर नोटरीचा कागद चालत नाही. चारी बाजूंची जागा मागितली तर भिंतीला भिंत लागलेली. शिवाय आरक्षण, पूररेषा, रेड झोन वगळायचे. मग उरते कोण?

आणि तरीही याच शहरात एक वेगळी वाट एकदा चाचपून झालेली आहे. निगडीत ‘ओटा स्कीम’ नावाची वस्ती आहे. रिक्षावाला, पोस्टमन सगळे तिला ओटा स्कीमच म्हणतात. पालिकेने पूर्ण घर न देता ओटा म्हणजे जोते द्यायचे, सोयी द्यायच्या आणि वरचे घर माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे, ही ती कल्पना. मुंबईत चारकोप आणि गोराईला जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर झाले. लहान भूखंड, अरुंद पण आखलेले रस्ते, आधी गटार आणि पाणी, मग घर. ओटा स्कीम आज काही आदर्श वस्ती नाही, गर्दी आहे, अडचणी आहेत. पण तिथल्या माणसाने जे केले तेच काळेवाडीतल्या माणसाने केले. फरक इतकाच की एकाला गटाराची रेषा आधी मिळाली आणि दुसऱ्याला दंडाची नोटीस.

हे सरकारनेच करायला हवे असेही नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी ते करून दाखवले. आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली, कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाची सहकारी संस्था, शहराबाहेर कुंभारीला स्वस्तात घेतलेली जमीन, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायकांचा स्वतःचा वाटा. दहा हजारांच्या आसपास घरे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. तेलुगू पद्मशाली, मुस्लिम, दलित बायका एका वसाहतीत. नंतर तिथेच रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. ज्या बाईच्या हातात दिवसाला विडीच्या मजुरीपलीकडे काही नाही, तिला घर मिळू शकले, कारण तिच्यामागे संघटना होती, वर्षानुवर्षे पाठपुरावा होता आणि जमिनीचा भाव आधी काबूत ठेवला होता. चाकणच्या पट्ट्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

चाकणचे नाव इतिहासात येते ते बहमनी काळापासून, मलिक-उत्-तुज्जारच्या ठाण्यापासून. नंतर १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानासमोर लढवलेला संग्रामदुर्ग. त्यानंतर तीनशे वर्षे कांद्याचा बाजार. नव्वदच्या दशकात एमआयडीसी आली. बजाजचा कारखाना १९९९ च्या सुमारास, मग २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, २०१० मध्ये महिंद्र. मर्सिडीजने तर भारतातली सुरुवात पिंपरीत टेल्कोच्या आवारात केली होती. तिथून ती इथे आली. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, सावरदरी ही गावे एका पिढीत गोठ्यांकडून चाळींकडे वळली.

पिंपरीत निदान प्राधिकरण तरी होते. चाकणला तेही नाही. कारखान्याच्या भूखंडावर नियोजन एमआयडीसीचे. कुंपणाबाहेर शेतजमीन, तिथे बिगरशेतीची परवानगी आणि १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना. गावठाणात ग्रामपंचायत. २०१५ मध्ये पीएमआरडीए आली. तिने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हरकतींचे ढीग पडले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. म्हणजे महाळुंग्यातल्या घरांचा विचार ज्या योजनेत आहे ती योजना इथला पहिला मोठा मोटार कारखाना यायच्या आधी मंजूर झालेली आहे.

पिंपरीच्या पहिल्या पिढीपेक्षा इथला कामगारही वेगळा. चाचा फाउंड्रीत टिकले आणि गुंठा घेऊ शकले. चाकणमधला मुलगा, बीड-हिंगोलीचा असो की बिहार-झारखंडचा, ट्रेनी किंवा ठेकेदारी पद्धतीवर काही महिन्यांसाठी येतो. ‘ब्रेक’ मिळाला की गावी किंवा दुसऱ्या कंपनीत. त्याला मालकीचे घर नको आहे. त्याला एक खाट, पाणी, स्वच्छ संडास आणि शिफ्टच्या वेळेत जेवण देणारी खानावळ हवी आहे. आपल्या सगळ्या गृहयोजना मालकीच्या घराच्या. भाड्याच्या खोलीसाठी नियमच नाही, म्हणून ती पत्र्याची असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कामाबरोबर खोलीचे भाडेही थकले तेव्हा ही माणसे चालत निघाली. त्यानंतर जुलैमध्ये केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या संकुलांची योजना जाहीर केली. चाकणच्या चाळींत तिचा मागमूस दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीच्या सद्गुरूनगरमधल्या कामगारांच्या वसाहतीत पाण्याची तात्पुरती टाकी कोसळून पाच कामगार मेले. अशा जागी टाकी पडली की मगच कळते की इथे माणसे राहत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. भंगाराची गोदामे, लहान वर्कशॉप, आणि त्यांच्या पोटमाळ्यावर झोपणारे कामगार. त्यात मुस्लिम व्यावसायिक मोठ्या संख्येने होते आणि त्या काळात चर्चा झाली ती त्यांच्या नावागावाची. प्रदूषणाच्या तक्रारी खऱ्या होत्या, आगी लागत होत्या हेही खरे. पण या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या भंगाराचा उठाव ज्या वस्तीत होतो, तिला आराखड्यात एकही अधिकृत जागा का नव्हती, हे कुणी विचारले नाही.

नियम बदलता येतात. २००७ मध्ये कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने रद्द केला. २०१३ मध्ये दहा लाखांवरच्या शहरांत चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पांत वीस टक्के वाटा लहान घरांसाठी ठेवण्याचा नियम झाला. चांगला नियम, पण मोठ्या महापालिकांपुरता. चाकणच्या ग्रामपंचायती तेव्हा त्याच्या बाहेर राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि मोठ्या भूखंडावर उंच बांधणे सोपे झाले. एका गुंठ्यावरच्या चार खोल्या मात्र तिथल्या तिथेच राहिल्या. २०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल करून जुन्या गुंठ्यांचे व्यवहार कायदेशीर करण्याचे पाऊल सरकारने उचलले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘माझे घर, माझा अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर झाले. त्यात औद्योगिक क्षेत्रातल्या सुविधा भूखंडांचा काही हिस्सा फक्त निवासासाठी ठेवण्याची, कामाच्या ठिकाणी चालत जाता येईल अशा घरांची भाषा आहे. एमआयडीसीच्या इतिहासात उशिरा का होईना ही ओळ आली, हे मी चांगलेच मानतो. फक्त ती घरे विकायची की भाड्याने द्यायची, यावर सगळे अवलंबून आहे. विकली तर तीन वर्षांत ती कारखान्यातल्या मॅनेजरची दुसरी गुंतवणूक होतील.

गावच्या चाळमालकाला खलनायक करून उपयोग नाही. दहा बाय बाराच्या खोल्या ओळीने बांधणारा हा माणूस बहुधा तोच, ज्याची निम्मी जमीन एमआयडीसीत गेली आहे. त्याला सांगा की एवढी हवा, एवढ्या माणसांमागे एक संडास, एवढे पाणी, विजेची जोडणी नीट, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट. इतके केलेस तर चाळ अधिकृत, करात सूट आणि गटार पंचायतीच्या खर्चाने. उद्योगांकडून त्या गटारासाठी गाठीमागे रुपयासारखे काही घ्या. आज त्याच्यापुढे दोनच पर्याय आहेत: बिल्डरसारखी परवानगी घेऊन टॉवर बांधणे किंवा गुपचूप पत्रे ठोकणे. तो पत्रे ठोकतो.

आता पीएमआरडीएला नवा आराखडा करायचा आहे. चाकणसाठी वेगळ्या महापालिकेचीही चर्चा आहे. त्यासाठी पुन्हा सर्वेक्षण होईल आणि सर्वेक्षण करणारे ग्रामपंचायतीचा नमुना आठ उघडतील. त्यात मालकाचे नाव असते, भोगवटादाराचे असते, बांधकामाचे क्षेत्रफळ आणि कर असतो. दर काही महिन्यांनी बदलणारे खोलीतले सहा मुलगे त्या रकान्यांत कुठेच लिहिलेले नसतात.